केमिस्ट्रीची जर्नल्स: जुने बांधीव खंड, नवीन फॅशन आणि तो ९४ टक्के यील्ड

ओली_सिलिका (धागाकर्ती)

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मुंबईतल्या एका लॅबमध्ये ऑरगॅनिकमध्ये पीएचडी करतेय, पाचवं वर्ष, म्हणजे घरच्यांनी "कधी संपणार" हे विचारणंसुद्धा सोडून दिलंय.

तर गेल्या आठवड्यात तो धो धो पाऊस झाला त्या दिवशी दुपारीच सायनला रुळांवर पाणी, गाड्या बंद, लॅबमध्ये लाईट ये-जा करत होती म्हणून रोटाव्हॅप (सॉल्व्हंट उडवायचं मशीन) बंद केला आणि सरळ लायब्ररीत जाऊन बसले. मागच्या खोलीत जुनी जर्नल्स बांधून ठेवलीत, हात लावला की बोटांना लाल भुकटी लागते अशी. त्यात 'जर्नल ऑफ द इंडियन केमिकल सोसायटी'चे जुने खंड होते. ही सोसायटी १९२४ साली कलकत्त्यात निघाली, पहिले अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय, आणि जर्नल सुरुवातीला त्रैमासिक होतं. आता तेच जर्नल २०२१ पासून एल्सेव्हियर छापतं. माझ्याकडे मोबाईलवर नवीन अंक उघडा आणि मांडीवर जुना खंड, बाहेर पाऊस, तीन तास कुठे गेले कळलं नाही.

जुन्या पेपरांची नावंच बघा ना. "अमुक संयुगांचा अभ्यास, भाग ९". पुढच्या अंकात भाग १०. जणू दिवाळी अंकातली क्रमशः कादंबरी. लेखक एक किंवा दोन. आणि विशेषणं जवळजवळ शून्य. आत्ताच्या पेपरांत शीर्षकातच "कार्यक्षम", "सोपी", "हरित", "एकाच भांड्यात", "सॉल्व्हंटविरहित", "पुन्हा वापरता येणारा नॅनोकॅटलिस्ट" अशी वरात निघते आणि नवरदेव म्हणजे रेणू कुठेतरी शेवटी घोड्यावर. लेखक सात-आठ, त्यातले दोघे फक्त मशीन चालवणारे (त्यांचं नाव यायलाच हवं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही).

विषयही बदललेत. जुन्यात झाडपाल्याचे अर्क, कुमारिन, फ्लॅव्होन, रंग, धातूंची कॉम्प्लेक्स. नव्यात पाण्यातून रंग शोषून घेणारे नॅनोकण, कॉम्प्युटरवर केलेलं डॉकिंग (रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल ते बघणं), डीएफटी (इलेक्ट्रॉनांची गणितं), बॅटरीचं मटेरियल, गंजरोधक. गंमत म्हणजे आधी आपण रंग बनवायचे पेपर लिहिले आणि आता तेच रंग पाण्यातून काढायचे लिहितोय. मिथिलिन ब्लू या निळ्या रंगावर जगाची चूल चालते असं वाटायला लागतं.

पण मला खरं खटकलं ते वेगळंच. जुन्या पेपरांत ४० टक्के, ५५ टक्के असे यील्ड (जितका पदार्थ मिळायला हवा त्यातला किती हाती आला) निवांत लिहिलेले असायचे. नव्यात टेबलातला प्रत्येक आकडा ८५ च्या वर. ९२, ९४, ९१, ९६. आणि याचं दुखणं मला का, तर गेल्या वर्षी मी अशाच एका पेपरमधली ग्रिन्यार्डची कृती (मॅग्नेशियमवाली, पाणी अजिबात न चालणारी रिॲक्शन) उचलली, छापील यील्ड ९४. जुलैमध्ये मला ५८. परत केली, ६१. फ्लास्क ज्योतीवर सुकवून (फ्लेम ड्राय), नवीन मॅग्नेशियम, आयोडीनचा खडा टाकून, नायट्रोजनचा फुगा बदलून परत केली, परत ६१. टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणारी पट्टी) खाली तो ओळखीचा लांबडा स्पॉट, म्हणजे ग्रिन्यार्डने पाणी पिऊन आत्महत्या केलेली. जानेवारीत तीच बाटली, तीच मी, ८१. पेपरात लिहिलंय "रूम टेंपरेचर". अरे पण कुठल्या रूमचं? ते लोक २० डिग्रीला रूम म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात ३४ डिग्री असतं आणि ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६! बाटलीचं झाकण फिरवलं की प्रेशर कुकरसारखं फुस्स.

तर माझा प्रश्न असा की जर्नलात काय छापून येतं हे नक्की ठरवतं कोण? प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून विषय निवडला जातो, की मशीन हाताशी आहे, बाटली कपाटात आहे आणि फॉर्ममध्ये रकाना भरायचाय म्हणून? मला तर दुसरंच वाटायला लागलंय. पावसाने डोकं भिजलं असेल तर तसं सांगा.

---

निवृत्त_क्यूसी

छान धागा ताई. डोकं कोरडंच आहे तुमचं, काळजी नको.

मी फोर्टातून एमेस्सी केलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, नंतर सगळी हयात ठाणे-बेलापूर रोडवर औषध कंपनीत गेली. तुम्ही म्हणता ती "हाताशी असलेली मशीन" आमच्या वेळी म्हणजे मेल्टिंग पॉइंटची नळी, लिक्विड पॅराफिन आणि नशीब. रेणूभार काढायचा तर रास्टची पद्धत, पदार्थ कापरात वितळवायचा आणि कापराचा द्रवणांक किती खाली आला ते बघायचं. घरी आई ओरडायची देवघरातला कापूर कोण नेतंय म्हणून. कार्बन-हायड्रोजनचं ॲनालिसिस बाहेर पाठवायचं. त्यामुळे पेपरात "सापडलं इतकं, हवं इतकं" एवढी एक ओळ असली की काम झालं. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं मशीन) आलं तसा पेपराचा तोंडवळाच बदलला, आणि आता एसआयची (पेपरच्या पुरवणीची) शंभर-दीडशे पानं स्पेक्ट्राची असतात, ती रिव्ह्यूअर तरी बघतो का देव जाणे.

विषय कोण ठरवतं म्हणाल तर मुंबईपुरतं उत्तर सोपं आहे: गिरण्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग निघाला (आमची यूडीसीटी, आत्ताची माटुंग्याची आयसीटी) तेव्हा सुरुवातच टेक्स्टाईल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंगने झाली. कापड होतं म्हणून रंग हवे होते, रंग हवे होते म्हणून रंगाची केमिस्ट्री. प्रा. वेंकटरामन १९३८ मध्ये तिथले पहिले भारतीय संचालक झाले, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही (एनसीएल) संचालक. एमेस्सीला बेकर-वेंकटरामन रिअरेंजमेंट घोकली असेल तुम्ही, ते हेच वेंकटरामन, ते काम मात्र मुंबईत यायच्या आधीचं, लाहोरचं. तुम्ही जुन्या खंडात फ्लॅव्होन बघितलेत ना, त्यातून या माणसाचा माग लागतो.

म्हणजे तेव्हाही कपाटातल्या बाटलीवरच चालायचं. बाटली गिरणीने दिलेली होती इतकंच.

आणि साहित्य शोधायचं म्हणजे केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सचे (पेपरांच्या सारांशांचे) ठोकळे. छापील ॲब्स्ट्रॅक्ट्स १९०७ पासून निघत होते, २०१० ला कागदावरचं बंद झालं. एक संदर्भ काढायला अख्खा शनिवार जायचा. पेपर आपल्याकडे नसला तर लेखकाला पोस्टकार्ड टाकायचं, "कृपया रिप्रिंट पाठवावे". दोन-तीन महिन्यांनी परदेशी तिकीट लावलेला लिफाफा यायचा, गल्लीतली पोरं तिकिटासाठी भांडायची. आता बटण दाबलं की पीडीएफ आणि तरी लोक वाचत नाहीत, नुसते सायटेशनमध्ये टाकतात. असो. म्हातारा घसरला.

---

ठाणे_स्लो

काका तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. पोस्टकार्डावर. :)

---

कोथरूडचा_रेणू

पुण्याचं नाव आलंय म्हटल्यावर हजेरी लावणं भाग आहे.

ट्रेंडबद्दल थोडं. केमिस्ट्रीत फॅशन येते ती साधारण ठरलेल्या क्रमाने येते. एक-दोन खरंच नवीन पेपर, मग पाच वर्षं दुष्काळात पाऊस पडावा तशी झुंबड, मग "त्यात अजून काय काय घालता येईल" हा टप्पा, आणि मग पुढची बस. उदाहरणं हवीत तर १९८६ मध्ये 'टेट्राहेड्रन लेटर्स'मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी घरगुती मायक्रोवेव्हमध्ये रिॲक्शन केल्या. पुढची वीस वर्षं आपल्याकडे ज्या लॅबला परदेशी उपकरण परवडत नव्हतं तिने दुकानातून ओव्हन आणला आणि जुन्या प्रत्येक रिॲक्शनच्या पुढे "मायक्रोवेव्हच्या साहाय्याने" जोडलं. क्लिक केमिस्ट्रीची (दोन रेणू बकलासारखे झटकन जोडायचे) कल्पना २००१ ची, तांब्याचा कॅटलिस्ट २००२ चा, त्यानंतर दर दुसऱ्या थीसिसमध्ये त्यातून बनणारं ट्रायझोल. २०२२ ला नोबेल मिळालं तोवर आपल्याकडे ट्रायझोलचा वीट आलेला होता. पेरोव्हस्काईट सोलर सेलचा मूळ पेपर २००९ चा, जॅक्समधला (अमेरिकन केमिकल सोसायटीचं जर्नल), मियासाकांच्या गटाचा, कार्यक्षमता होती फक्त ३.८ टक्के. आज ती २५ च्या पुढे गेलीय, म्हणजे फॅशन असली तरी त्यातून काही निघत नाही असं नाही. मॉफचंही (धातू आणि सेंद्रिय रेणूंचं सच्छिद्र मटेरियल) तेच, वर्षानुवर्षं लोक "नुसती भोकं असलेली जाळी" म्हणून हसत होते आणि २०२५ चं नोबेल त्यालाच.

पण सगळ्यात भारी किस्सा ग्राफीनचा (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा). ग्राफीनमध्ये हे मूलद्रव्य घातलं, ते घातलं, की कॅटलिस्ट म्हणून चांगलं चालतं, असे इतके पेपर यायला लागले की २०२० मध्ये पुमेरा या संशोधकाने आणि त्याच्या मंडळींनी वैतागून ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा घातली. आणि चाललं! नुसत्या ग्राफीनपेक्षा चांगलं चाललं. 'एसीएस नॅनो'त छापून आलंय, थट्टा म्हणून नाही, रीतसर डेटासकट. दादरच्या कबुतरखान्याजवळ एवढा कच्चा माल होता, कुणाला सुचलं नाही.

---

निवृत्त_क्यूसी

रेणूराव, बिजिनेली विसरलात. १८९१ ची रिॲक्शन, तिच्यासाठी अजून नवे कॅटलिस्ट छापतात लोक. लिंबाच्या रसातसुद्धा केलेली आहे. मी म्हटलं आता सोलकढी राहिली.

---

कार्ड_कॅटलॉग

मी केमिस्ट्रीची नाही, ग्रंथपाल आहे, उपनगरातल्या एका कॉलेजात. पण गेली सतरा वर्षं जर्नलं विकत घ्यायची, बंद करायची आणि प्राध्यापकांची बोलणी खायची हे काम करतेय, त्यामुळे थोडा अधिकार आहे.

ओली_सिलिका, तू विचारलंस कोण ठरवतं. माझ्या टेबलावरून दिसतं ते सांगते. लोक येतात आणि विचारतात "मॅडम याचा इम्पॅक्ट फॅक्टर किती". जर्नलात काय असतं हे विचारणारा माणूस मला वर्षातून एकदा भेटतो, आणि तो बहुतेक रिटायर होणारा असतो.

हा आकडा मुळात आम्हा ग्रंथपालांसाठी होता हो! यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, पुढे कुठलं जर्नल घ्यावं कुठलं सोडावं हे ठरवायला हा आकडा उपयोगी पडायला लागला. हिशोब अगदी वाण्याच्या वहीसारखा आहे: समजा २०२४ चा काढायचाय, तर २०२२ आणि २०२३ मध्ये त्या जर्नलने छापलेल्या लेखांना २०२४ मध्ये किती वेळा उल्लेखलं ते मोजायचं, आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. बस. सरासरी आहे ती. एका माणसाचा पगार कोटीत आणि नऊ जणांचा हजारात असला तरी सरासरीने सगळे लखपती, तसं.

विश्वास बसत नसेल तर 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या ए विभागाचं बघा. सभ्य, शांत जर्नल, आकडा दोनच्या आसपास. २००८ मध्ये त्यात शेल्ड्रिक यांचा एक लेख आला, त्यांच्या शेलेक्स नावाच्या प्रोग्रॅमचा इतिहास. आता स्फटिकाची रचना काढणारा जगातला जवळजवळ प्रत्येक माणूस तो प्रोग्रॅम वापरतो, सगळ्यांनी संदर्भ म्हणून तोच लेख द्यायला सुरुवात केली. २००९ चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला ४९.९२६! त्या वर्षी नामवंतातली नामवंत जर्नलं मागे. तो लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला आणि आकडा परत दोनाच्या घरात. मधल्या काळात ज्यांनी त्यात पेपर टाकले त्यांच्या बायोडेटात मात्र पन्नास लागला असणार. काय पुण्य केलं असेल.

पैशांबद्दल. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, सगळं इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्रामार्फत. सरकारी संस्थांना मिळालं आणि खरंच मोठी गोष्ट आहे, उगाच नावं ठेवणार नाही. आमचं कॉलेज खाजगी, आम्ही अजून काचेतून मिठाई बघतोय. आमच्या पोरांना मी सांगते इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साईटवर जा, 'जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस'चे जुने अंक तिथे फुकट वाचता येतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये ॲकॅडमी काढली, त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रोसीडिंग्जमधून फुटून निघालेलं हे जर्नल, आत्ताचं नाव २००४ पासूनचं. त्यात काय छापून येतं ते बघण्यासाठी तरी कुणीतरी उघडा रे.

---

एकांडा_प्राध्यापक

कार्ड_कॅटलॉग ताईंशी १००% सहमत, आणि आता आमच्या बाजूने ऐका, म्हणजे जे लोक तो आकडा विचारत येतात त्यांच्या बाजूने.

मी पदवी कॉलेजात शिकवतो. आठवड्याला अठरा तास लेक्चर-प्रॅक्टिकल, एका बॅचला वीस मुलं, हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) एक आणि त्याचा पंखा २०१९ पासून फिरत नाही. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआय नावाचे गुण आणले, पेपर छापला की इतके गुण, त्यावर बढती. मग काय, आमच्यासारख्यांनी करायचं काय? पॅलेडियम कॅटलिस्टचं एक ग्रॅम घ्यायला माझ्या विभागाचं वर्षाचं बजेट पुरत नाही. म्हणून मग पाण्यातला रंग शोषणारी चिंचोक्याची राख, केळीच्या सालीची राख, नारळाच्या शेंडीचा कोळसा. ओली_सिलिका, तुम्ही मिथिलिन ब्लूवर हसलात ते ठीक आहे, पण मिथिलिन ब्लू पाचशे रुपयांत येतो, कलरीमीटर कॉलेजात असतो आणि एफवायची मुलंसुद्धा मोजू शकतात. आमच्या कपाटात तीच बाटली आहे. हे उत्तर तुमच्या प्रश्नाला धरूनच आहे.

त्यात मग ते मेल. "ग्रीटिंग्ज ऑफ द डे, आदरणीय प्राध्यापक महोदय, आपला अमूल्य लेख आमच्या कार्डिओलॉजीच्या अंकासाठी...". मी केमिस्ट्रीचा माणूस! असल्या जर्नलांना आवर घालायला यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची) आणली, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली, आता म्हणे संस्थांनीच ठरवा. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही अटही काढली, पण कागदावर काढली हो, मुलाखतीला बसलात की पहिला प्रश्न तोच.

आमच्या एका वरिष्ठांनी तर मला सरळ सांगितलं, तुम्ही पेपर काढता, माझं नाव घाला, पुढच्या वर्षी मी तुमचं घालतो. भिशीच ती. मी घातलं नाही. त्यामुळे माझं टोपणनाव.

---

ठाणे_स्लो

भिशी = हसून खुर्चीवरून पडलो. पण सर, वाईटही वाटलं.

---

तारापूर_एमआयडीसी

मी प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे, बोईसरला. आमच्याकडे पेपर वाचतात ते नव्वद लिटरपासून पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये ते चालेल का या नजरेने, त्यामुळे यील्डच्या बाबतीत आमच्याइतकी संशयी जात दुसरी नाही.

आमचा घरगुती नियम: शैक्षणिक जर्नलातला यील्ड असेल त्यातून सुरुवातीलाच वीस वजा करायचे. खोटं बोलतात म्हणून नाही (काही बोलतात). पण बघा, स्केल असतो ०.२ मिलिमोलचा. म्हणजे प्रॉडक्ट चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. त्यात फ्लास्कच्या काचेला दोन-तीन मिलिग्रॅम चिकटलं, सॉल्व्हंट पूर्ण उडाला नाही, सिलिका थोडी खाली आली, की पाच-सात टक्के इकडे तिकडे. आणि तीनदा केली तर त्यातला सगळ्यात चांगला आकडा टेबलात जातो, सरासरी जात नाही. ९३ आणि ९५ मध्ये फरक दाखवून "हा सबस्टिट्यूएंट चांगला" असं लिहितात तेव्हा मला हसू येतं. चक्रवाढ व्याजासारखं दशांशात भांडतात.

कुणावर विश्वास ठेवायचा असेल तर 'ऑरगॅनिक सिंथेसेस'. १९२१ पासून निघतंय, त्यातली प्रत्येक कृती छापायच्या आधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये परत करून बघतात, जमली तरच छापतात. तळटीपा वाचा त्यातल्या, कुठल्या कंपनीचं रिएजंट, किती वेगाने ढवळलं, रंग कधी बदलतो. आणि आमचं 'ओपीआरडी' ('ऑरगॅनिक प्रोसेस रिसर्च अँड डेव्हलपमेंट'), १९९७ पासूनचं, त्यात लोक फसलेले रूटही लिहितात, स्फोट होता होता वाचला तेही लिहितात.

आपल्याकडे प्रोसेस केमिस्ट्री एवढी पोसली गेली त्याचंही कारण नियमातच आहे बरं का. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. मग अख्ख्या देशाने पद्धतीच शोधल्या. २००५ ला प्रॉडक्ट पेटंट आलं. म्हणजे गिरणी, कायदा, एपीआय, एकेकाने आपापली बाटली कपाटात ठेवली. धागाकर्तीचं म्हणणं मला तरी पटलंय. फक्त एक भर घालतो: आमची चांगली कामं जर्नलात येतच नाहीत, कंपनी छापू देत नाही. म्हणजे छापलेलं सगळं चालत नाही आणि चालणारं सगळं छापत नाहीत.

---

कोथरूडचा_रेणू

पेपर मिलचा (पैसे घेऊन बनावट पेपर पाडणारे कारखाने) विषय कुणी काढला नाही अजून, म्हणून मीच काढतो. २०१० च्या सुरुवातीला ॲक्टा क्रिस्टलोग्राफिकाच्याच ई विभागातून चीनमधल्या एका विद्यापीठातल्या निदान ७० रचना मागे घेतल्या गेल्या. केलं काय होतं, तर कुणाचा तरी खरा मोजलेला डेटा घ्यायचा, त्यातला एखादा अणू कागदावर बदलायचा, तांब्याच्या जागी कोबाल्ट वगैरे, आणि झाला नवीन रेणू. तपासणीच्या सॉफ्टवेअरने पकडलं. २०२१ ला रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जवळपास सत्तर पेपर काढले, बहुतेक 'आरएससी ॲडव्हान्सेस'मधले. हिंदावी हे प्रकाशन तर वायलीने २०२१ मध्ये जवळपास ३० कोटी डॉलरला विकत घेतलं आणि २०२३ या एका वर्षात त्यातले ८,००० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले, शेवटी नावच पुसून टाकलं. 'केमोस्फिअर'सारखं मोठं जर्नल डिसेंबर २०२४ मध्ये वेब ऑफ सायन्स या सूचीतून बाहेर गेलं. यात आपल्याकडचेही लोक असतात, नुसतं चीनकडे बोट दाखवून चालणार नाही.

आणि ती "व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी" माहितीये का? असं काही अस्तित्वातच नाही. १९५९ च्या एका लेखात डाव्या कॉलममध्ये "व्हेजिटेटिव्ह" आणि त्याच ओळीत उजव्या कॉलममध्ये "इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी" होतं, स्कॅन करताना मशीनने दोन्ही जोडलं. आता ते तंत्र म्हणून नवीन पेपरांत येतं.

---

ठाणे_स्लो

शाकाहारी मायक्रोस्कोप! जैन मिळेल का, कांदा-लसूण न वापरता?

---

कार्ड_कॅटलॉग

हसू नका, माझ्याकडे एकाने प्रूफ आणून दाखवलं होतं त्यात प्रस्तावनेची पहिली ओळच एआयचं "नक्कीच, ही घ्या तुमच्या विषयाची प्रस्तावना" होती. वेळेत काढली. २०२४ मध्ये एका परदेशी जर्नलात तर अशी ओळ तशीच्या तशी छापून आली, पाच लेखक, संपादक, रिव्ह्यूअर, कुणी पहिली ओळ वाचलेली नाही! मग ९४ टक्क्यांचं टेबल कोण वाचणार.

---

ओली_सिलिका (धागाकर्ती)

बापरे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, सर (एकांडा_प्राध्यापक), मिथिलिन ब्लूवर हसले त्याबद्दल मनापासून सॉरी. तुमच्या हूडच्या पंख्याचं वाचून आमच्या लॅबमधल्या तक्रारी गिळल्या.

काल माझ्या पेपरचा ड्राफ्ट घेऊन आमच्या गाईड सरांकडे गेले होते. यील्डच्या टेबलात मी तीन रनचे तिन्ही आकडे लिहिले होते, आणि एसआयमध्ये एक ओळ टाकली होती की हे प्रयोग मुंबईत जुलै महिन्यात केले, लॅबमधली आर्द्रता ८८ टक्के, तापमान ३१, आणि जानेवारीत तीच कृती ८१ टक्के देते. सर दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले जानेवारीचा आकडा टेबलात टाक, जुलैचा खाली ठेव. मी म्हटलं सर तिन्ही राहू देत ना. ते म्हणाले रिव्ह्यूअर तुझ्या हाताला दोष देईल, मुंबईच्या हवेला देणार नाही. चुकीचं नाही बोलले ते, त्यांना पुढच्या ग्रँटला हाच पेपर दाखवायचाय. शेवटी तडजोड अशी की टेबलात ८१, त्याच्यावर चांदणी, आणि चांदणीखाली जुलैची ओळ, बारीक टायपात. उद्या सबमिट करतेय. कुठल्या जर्नलला ते सांगत नाही, इम्पॅक्ट फॅक्टर विचाराल.

---

निवृत्त_क्यूसी

चांदणी ठेवलीत ते उत्तम केलंत. एक विचारायचं राहिलं, जुलैच्या रनला कंडेन्सरच्या तोंडावर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावली होती का? नुसत्या फुग्यावर भरवसा ठेवत जाऊ नका.

---

ओली_सिलिका (धागाकर्ती)

लावली होती काका. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर आतल्या खड्यांचं पाणी होऊन खाली ठिबकत होतं, थेट फ्लास्कमध्ये.